कबुली कोठे द्यावी?

मंडळीच्या आवारातील रविवार शाळेची मोठी खोली दर गुरुवारी सायंकाळी दीड तास वापरावयास मिळावी, असा एक अर्ज आमच्या बेळगावच्या पास्टोरेट कमिटीपुढे आलेला आहे. अर्ज करणारे लोक दारू सोडलेले व सोडू इच्छिणारे आहेत. ते आपल्या संघाला अल्कोहोलिक्स अनॉनिमस, थोडक्यात ए.ए., म्हणतात, अर्थ इतकाच की नाव न सांगणारे मद्यपी. खोली त्यांना फुकट नको आहे. जे भाडे ठरेल ते महिन्याच्या महिन्याला देऊ, पंखे-दिवे बंद करून व बाके जागेवर लावून जाऊ, असे त्यांनी लिहिले आहे. अर्जाचा निकाल पाच मिनिटांत लागावयास हरकत नव्हती. चर्चा दोन बैठका चालली आणि अद्याप संपलेली नाही.

एका वडिलांनी विचारले की, आवारात दारुडे येऊ लागले तर बाहेरचे लोक काय म्हणतील? दुसऱ्यांचे म्हणणे असे की, ह्यांच्या सभेत प्रभू येशूचे नाव घेत नाहीत, मग ती आपल्या छताखाली का व्हावी? तिसरा प्रश्न एका तरुण सभासदाने विचारला आणि तो आमच्या मनात राहून गेला. आपल्याकडे उपासना आहे, बुधवारची प्रार्थनासभा आहे, पाळकसाहेबांचा दरवाजा उघडा आहे. ज्याला आपले पाप कबूल करावयाचे आहे त्याने ते येथेच का करू नये?

ह्या प्रश्नाचे उत्तर त्या बैठकीत आम्हांला ठाऊक होते. आम्ही गप्प बसलो. म्हणून ते येथे लिहीत आहोत.

बारा वर्षांपूर्वी आमच्या रविवार शाळेत एक तरुण शिक्षक होते. त्यांना येथे मास्तर म्हणू. मुलांना त्यांच्यासारखी गोष्ट सांगणारा आम्ही दुसरा पाहिला नाही. योनाची गोष्ट आली की ते टेबलाखाली शिरत आणि माशाच्या पोटातून बोलत. मास्तर पितात हे बहुतेकांना ठाऊक होते. ठाऊक असूनही न बोलण्यात आमच्या मंडळ्या फार तरबेज आहेत. मग एका डिसेंबरात नाताळच्या कार्यक्रमासाठी मुलांकडून गोळा केलेले दोन हजार तीनशे रुपये हिशेबात मिळेनात. कमिटी बसली. पैशाची चौकशी करणे हे कमिटीचे कामच होते व त्याची खंत आम्हांला आजही नाही. परंतु आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. मास्तरांनी रविवारच्या उपासनेत सर्वांसमोर उभे राहून कबुली द्यावी आणि तोवर त्यांना प्रभुभोजनास बसू देऊ नये, असा ठराव झाला. ठराव मांडणारे दुसरे होते; अनुमोदन आमचे होते.

मास्तर उभे राहिले. पुढच्या बाकाची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती आणि तरीही हात थरथरत होते. चार वाक्ये बोलले, पाचवे पुरे झाले नाही. आम्ही तिसऱ्या बाकावर बसलो होतो. त्या क्षणी आमच्या मनात करुणा नव्हती. एकदाचे झाले, बरे झाले, असे वाटले. उपासना सुटल्यावर फाटकापाशी जी कुजबुज सुरू झाली ती संध्याकाळपर्यंत गावातल्या इतर मंडळ्यांत पोहोचली. पुढल्या रविवारी मास्तर आले नाहीत. त्यांच्या पत्नी व मुलगी मात्र येत राहिल्या. शेवटच्या बाकावर बसत आणि शेवटचे गीत संपण्यापूर्वी उठून जात. महिला मंडळातल्या भगिनी त्यांच्यासाठी प्रार्थना करीत. मोठ्याने, नाव घेऊन.

पुढे मास्तर गोव्याला गेले. मडगावात एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम मिळाले. ज्याला दारूपासून दूर जावयाचे आहे त्याने गोव्याला जावे ह्यासारखा विनोद नाही, कारण तेथे ती आपल्याकडच्यापेक्षा स्वस्त मिळते. तेथे त्यांची स्थिती आणखी वाईट झाली. शेवटी दवाखान्यात पडले असताना शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भेटावयास एक गृहस्थ येत असत. त्यांनी एके दिवशी ह्यांच्याकडे वळून कोंकणीत सांगितले की, मीही ह्याच खाटांवर दोनदा पडलो होतो. दुसरे काही बोलले नाहीत. सुट्टी मिळाली त्या दिवशी तेच दाराशी येऊन उभे राहिले आणि मास्तरांना आपल्या सभेला घेऊन गेले. सभा एका कॅथलिक देवळाशेजारच्या शाळेच्या वर्गात होती. मास्तर म्हणतात, ‘पहिले तीन महिने मी फक्त चहासाठी जात होतो.’

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका संध्याकाळी ते आमच्या दारात छत्री मिटून उभे राहिले. शेवटचा घोट घेऊन त्यांना तीन वर्षे होऊन गेली होती आणि ते घरी परतले होते. त्यांनी खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवले. ‘काका, हे नाताळचे पैसे. आणि तेव्हा तुमच्याशी तोंडावर खोटं बोललो होतो, त्याची माफी मागायला आलोय.’

वाचकांच्या माहितीसाठी सांगावयास हवे की, ए.ए.च्या मार्गात बारा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर माणूस मान्य करतो की दारूपुढे आपले काही चालत नाही. पाचवीवर तो आपल्या चुका देवाजवळ, स्वतःजवळ आणि आणखी एका माणसाजवळ बोलून दाखवितो. आठवीवर आपण ज्यांचे वाईट केले त्यांची यादी करावयाची आणि नववीवर, जेथे भरपाई केल्याने कोणाला आणखी इजा होणार नाही तेथे, ती करावयाची. मास्तरांच्या यादीत आमचे नाव होते. आम्ही कधी अशी यादी केलेली नव्हती.

आम्ही पाकीट घेतले. चहा झाला. पावसाविषयी, मुलीच्या बारावीविषयी बोलणे झाले. आम्ही त्यांची माफी मागावयास हवी होती हे आम्हांला त्या अर्ध्या तासात पुरते कळत होते, आणि ती आम्ही मागितली नाही.

जाताना ते म्हणाले की, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमची खुली सभा असते, तिला कोणीही येऊ शकतो, तुम्ही या. इतर सभा बंद असतात, म्हणजे फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे त्यांच्यासाठी. आम्ही गेलो. मुलांच्या आखूड बाकांवर वीस-बावीस माणसे बसलेली होती. त्यांत एक रिक्षावाले होते, एक निवृत्त फौजी, एक वकील, दोन कॉलेजातली मुले आणि कोपऱ्यात डोक्यावरून पदर घेतलेल्या एक बाई. प्रथम थोडा वेळ शांतता पाळली. मग अमेरिकेतील प्रॉटेस्टंट ईश्वरविद्यावेत्ते राइनहोल्ड नीबर ह्यांच्या नावाने ओळखली जाणारी छोटी प्रार्थना सर्वांनी म्हटली. त्यानंतर एकेक जण उठे, पहिले नाव सांगे, मी मद्यपी आहे असे म्हणे, आणि आपली हकीगत सांगे.

त्या हकीगतींतले काही आम्ही येथे लिहिणार नाही. तेथे ऐकलेले तेथेच ठेवून जाण्याचा नियम आहे. ऐकणारे कसे ऐकत होते एवढे मात्र सांगू. कोणी मध्ये बोलले नाही. कोणी उपदेश केला नाही, कोणी ‘अरेरे’ म्हटले नाही. एक जण सांगता सांगता रडू लागला तेव्हा शेजाऱ्याने त्याच्या पाठीवर हातही ठेवला नाही. फक्त सर्वजण थांबले. पुढे मास्तरांना त्याचे कारण विचारले तर ते म्हणाले, ‘त्याला त्याचं संपवू द्यायचं असतं. आपण थोपटायला लागलो की तो आपल्यासाठी गप्प होतो.’ शेवटी एक पिशवी फिरली. ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकावयाचे. आम्ही पाचशेची नोट काढली, तर पिशवी धरणाऱ्याने नम्रपणे सांगितले की पाहुण्यांकडून घेत नाही. आपला खर्च आपणच चालवावयाचा, बाहेरची देणगी स्वीकारावयाची नाही, हे त्यांचे तत्त्व आहे. मंडळीच्या खजिनदारांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

परत येताना मास्तरांच्या स्कूटरवर मागे बसून आम्ही शेवटी ते बोललो. तोंड दिसत नव्हते म्हणून बोलता आले असावे. त्या ठरावाला अनुमोदन आमचे होते, असे सांगितले. त्यांना ते ठाऊक होतेच. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘उभं राहायचं दुःख नव्हतं हो काका. दुसरं कोणीच उभं राहिलं नाही, त्याचं होतं.’

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आपली पापे एकमेकांजवळ कबूल करण्याची आज्ञा आहे. आपण ती मुलांकडून पाठ करून घेतो. पण ‘एकमेकांजवळ’ म्हणजे दोन्ही बाजूंनी. एकाने उभे राहावयाचे व दोनशेंनी बसून पाहावयाचे, असे याकोबाने लिहिलेले नाही. त्या रविवारी आमच्या देवळात ज्याने उधारी बुडविली होती, ज्याने भावाची जमीन दाबली होती, जो घरात हात उगारीत होता, असे सगळे बसलेले होते. आम्हीही होतो. मास्तरांचे पाप वासाने कळत असे, आमची कळत नव्हती, एवढाच फरक.

आणि हा याकोब ए.ए.ला परका नाही. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात अक्रन ह्या गावी सुरू झाली. विल्यम विल्सन नावाचे न्यूयॉर्कचे एक गृहस्थ धंद्याच्या कामासाठी तेथे आले होते. त्यांनी काही महिन्यांपूर्वीच दारू सोडली होती. काम फिसकटले. मे महिन्यातली शनिवारची संध्याकाळ, हॉटेलाच्या दिवाणखान्याच्या एका टोकाला दारूचा बार आणि दुसऱ्या टोकाला गावातल्या मंडळ्यांच्या नावांची पाटी. आपण दुसऱ्या कोणा मद्यप्याशी बोललो नाही तर आज पिणार, हे त्यांना कळून चुकले. त्यांनी पाटीवरचे एक नाव निवडून त्या पाळकाला फोन केला. त्या पाळकाने, रेव्ह. वॉल्टर टंक्स ह्यांनी, काही माणसांची नावे दिली. त्यांतून एका बाईचा पत्ता लागला आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईंच्या घरी विल्सनांची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ ह्या मद्यपी शल्यवैद्याशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटे बसतो म्हणून आले होते. रात्री अकरा वाजून गेले तरी दोघे बोलतच होते. त्यानंतरही डॉक्टर एकदा घसरले. त्यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस, १० जून १९३५, हा ए.ए.चा जन्मदिवस मानला जातो.

एका अनोळखी माणसाने शनिवारी संध्याकाळी फोन करून, मी दारुडा आहे, मला दुसऱ्या एका दारुड्याशी बोलावयाचे आहे, असे सांगितले, तर आमच्याकडे काय झाले असते ह्याचा आम्ही बराच विचार केला. बहुधा रविवारी उपासनेला या, असे सांगितले असते.

त्या पहिल्या दिवसांत ही मंडळी ऑक्सफर्ड ग्रुप ह्या ख्रिस्ती चळवळीत वावरत होती. डोंगरावरील प्रवचन, करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आणि याकोबाचे पत्र ह्यांचे त्यांच्यात विशेष वाचन होई. आपल्या गटाला याकोबाचे नाव द्यावे, असेही काहींच्या मनात होते. पुढे १९३९ साली त्यांनी आपले पुस्तक छापले तेव्हा नाव निराळे घेतले आणि देवाविषयी लिहिताना, ज्याला जसा देव समजला असेल तसा, असा शब्दप्रयोग केला. कमिटीतील दुसरा आक्षेप आहे तो येथेच. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. ज्याला आपण तारणारा मानतो त्याचे नाव न घेता माणूस सुटतो असे म्हटले, तर आपला विश्वास कशासाठी?

आम्ही ह्याकडे असे पाहतो. ए.ए. कोणाला तारण देऊ करीत नाही; ती आजचा दिवस न पिता काढण्यास मदत करते. रिक्षावाले बंधू हिंदू आहेत, फौजी शीख, कोपऱ्यातल्या बाई मुसलमान. नाव न घेण्याचा नियम नसता तर हे तिघे एका बाकावर बसले नसते आणि मास्तर ज्यांच्या सोबतीने वाचले ते लोक त्यांना भेटलेच नसते. मास्तर आपल्या प्रभूचे नाव सभेत उच्चारीत नाहीत, पण सभेहून परतल्यावर रात्री घेतात, आणि गेल्या ईस्टरपासून उपासनेतही घेतात. यरीहोच्या वाटेवर अर्धमेल्या पडलेल्या माणसाला शोमरोन्याने उचलले तेव्हा त्याने प्रथम आपली उपासनापद्धती सांगितल्याचे लूकाने कोठे लिहिलेले नाही. ज्यांना हा विचार पटणार नाही असे बंधू असतील. त्यांनी निदान खुल्या सभेला एकदा जाऊन यावे आणि मग बोलावे.

दारूचे व्यसन हे पाप की आजार, असाही वाद निघाला होता. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ मध्येच त्याला आजार मानले आहे आणि आज वैद्यकशास्त्रात ते सर्वसाधारणपणे मान्य आहे. आजार म्हटले की माणूस जबाबदारीतून सुटतो, अशी आमच्या वडिलांना भीती वाटते. मास्तर म्हणतात की त्यांना उलट अनुभव आला. पाप होते तोवर रडून भागत होते, आजार म्हटल्यावर रोज औषधपाणी करणे भाग पडले. येथे एक इशारा द्यावासा वाटतो, कारण आमच्या प्रार्थनासभांत ही चूक होते. बरीच वर्षे रोज पिणाऱ्या माणसाने प्रार्थनेनंतर बाटली एकदम फेकून दिली तर ते नेहमीच सुखरूप पार पडते असे नाही. काही तासांत हातापायांना कंप सुटतो, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन नसते दिसू लागते व त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग सभा. आणि प्रार्थना दोन्हींच्या बरोबर. सभेचा उपयोग होतो की नाही, अशी शंका शिकलेले लोक काढतात. २०२० साली कॉक्रेनने सत्तावीस अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत एकूण दहा हजारांहून अधिक माणसे होती. पूर्णपणे दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए.कडे नेणारे उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले. सगळेच टिकतात असा मात्र ह्याचा अर्थ नाही. खुल्या सभेत आम्ही पाहिलेले एक जण आता येत नाहीत.

आपल्या भाषेच्या मंडळ्या ज्या गावांत आहेत तेथे मदत मिळण्याजोगी आहे. भारतात ए.ए.चे काम १९५७ पासून आहे. मुंबईत फादर जो परेरा ह्यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले, पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट ह्यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण. दारूबंदीच्या राज्यात गरज नाही, असे कोणी समजू नये. गुजरात राज्य १९६० साली झाले तेव्हापासून तेथे बंदी आहे, आणि आमचे वडोदऱ्याचे एक पाळकमित्र सांगतात की तेथील पिणाऱ्याला व्यसनाबरोबर पोलिसांचेही भय असते, त्यामुळे तो मदत मागावयासही उशिरा येतो.

आता रविवार शाळेच्या शिक्षकांशी थोडे बोलावयाचे आहे. मास्तरांची मुलगी आता मोठी झाली आहे. तिने आम्हांला सांगितले की, ते सगळे घडल्यानंतर तिच्या वर्गात मद्यपानावर धडा झाला. बाईंनी फळ्यावर गटारात पडलेल्या माणसाचे चित्र काढले व हा कोण, असे विचारले. एका मुलाने तिच्या बापाचे नाव घेतले. वर्ग हसला. बाईंनी मुलाला दटावले, पण चित्र पुसले नाही. ते तासभर फळ्यावर राहिले. तिने त्यानंतर तीन वर्षे उपासनेला येऊन वर्गात पाय ठेवला नाही, आणि आम्ही अधीक्षक असून कारण विचारले नाही. तुमच्या वर्गात असे मूल असेल, आणि तुम्हांला ते ठाऊक नसेल. ते लवकर येते, कारण घरी थांबावेसे वाटत नाही. किंवा उशिरा, कारण रात्रभर झोप झालेली नसते. त्याला साक्ष देण्यास सांगू नका. त्याच्या वडिलांसाठी वर्गात नाव घेऊन प्रार्थना करू नका. तास संपल्यावर फळा पुसावयास बोलवा, काही न विचारता त्याच्याजवळ थांबा. घरच्या लोकांसाठीही वेगळ्या सभा आहेत. विल्सन ह्यांच्या पत्नी लोइस ह्यांनी १९५१ मध्ये त्या संघाला अल-अनॉन हे नाव व रूप दिले. मास्तरांच्या पत्नी आता तेथे जातात. आमच्या महिला मंडळात परत या, असे त्यांना आम्ही अजून म्हणू शकलेलो नाही.

प्रभुभोजनाच्या रसाविषयीही एक सूचना. आमच्याकडे मनुका उकळून रस करतात, त्यामुळे अडचण येत नाही. ज्या मंडळ्यांत आंबविलेला द्राक्षरस देतात तेथे दारू सोडलेला माणूस मेजापाशी येतो तेव्हा त्याच्यापुढे काय ठेवले जाते, ते पाळकसाहेबांनी पाहावे. न आंबविलेला रस टिकविण्याची युक्ती वेल्च ह्या मेथॉडिस्ट गृहस्थांनी १८६९ मध्ये ह्याच मेजासाठी काढली होती.

तर त्या तरुण सभासदाचा प्रश्न: कबुली येथेच का देऊ नये? एकदा येथेच दिली होती. ती आम्ही वरून मागितली, बसून ऐकली आणि फाटकापाशी वाटून टाकली. जेथे ऐकणारा स्वतःही त्याच खाटेवर पडलेला आहे आणि ऐकलेले जेथल्या तेथे राहते, तेथे माणूस जातो. आपल्याला तशी जागा व्हावयास वेळ लागेल. तोवर ज्यांना ती जमली आहे त्यांना गुरुवारचा दीड तास देणे आपल्या हातात आहे.

हा मजकूर छापण्यास देण्यापूर्वी मास्तरांना वाचून दाखविला. ओळख पटू नये म्हणून त्यांनी दोन तपशील बदलावयास सांगितले, ते बदलले आहेत. योनाची गोष्ट राहू दे म्हणाले.

कमिटीची बैठक येत्या शनिवारी आहे. ह्या वेळी ठराव आम्ही मांडणार आहोत. अनुमोदन कोण देतो ते पाहावयाचे.